हूडमागचा माणूस : हसन-ए-सब्बाह

पांढरा हूड, मनगटात लपवलेलं पातं, बुरुजावरून थेट खाली उडी. ‘असॅसिन्स क्रीड’ खेळला नसेल असा गेमर आपल्या कॉलेजात शोधूनही सापडणार नाही. 2007 मध्ये आलेल्या पहिल्या गेमची गोष्ट घडते 1191 मध्ये, सीरियातल्या मस्याफच्या किल्ल्यात. गेममधला अल्ताइर काल्पनिक आहे. मस्याफ मात्र खरं आहे, आणि तिथे राहणारा पंथही खरा होता. त्या पंथाचं मूळ मस्यापासून शेकडो मैल दूर, इराणच्या डोंगरातल्या एका गडावर होतं. ज्याने तो गड घेतला तो माणूस म्हणजे हसन-ए-सब्बाह. गेमची कथा सुरू होते तेव्हा त्याला जाऊन 67 वर्षं झाली होती.

इंग्रजीतला ‘असॅसिन’ हा शब्दच त्याच्या पंथाला दिलेल्या टोपणनावावरून आला. एखाद्या माणसाच्या अनुयायांना शत्रूंनी शिवी द्यावी आणि ती शिवी जगभरच्या शब्दकोशांत जाऊन बसावी, हे फार कमी लोकांच्या वाट्याला येतं. पण हसनची खरी गोष्ट गेमपेक्षा बरीच वेगळी आहे. आणि खरं सांगायचं तर जास्त अस्वस्थ करणारी.

आजारपणात बदललेला मुलगा

हसनचा जन्म 1050 च्या दशकात इराणमधल्या कोम शहरात झाला. घर शिया पंथाचं, त्यातही बारा इमाम मानणाऱ्या शाखेचं. पुढे कुटुंब रे या शहरात राहायला गेलं. आजच्या तेहरानला लागून असलेलं हे शहर तेव्हा विद्येचं मोठं केंद्र होतं. पोराला अभ्यासाची प्रचंड ओढ. गणित, खगोल, धर्मशास्त्र, मिळेल ते वाचायचा.

रेमध्येच त्याची गाठ इस्माइली प्रचारकांशी पडली. इस्माइली ही शियांचीच दुसरी शाखा. इमाम कोण, या प्रश्नावर तिची वाट वेगळी झाली होती. त्यांच्या प्रचारकाला ‘दाई’ म्हणत, म्हणजे हाक देणारा. (आपल्या बाळंतपणाच्या दाईशी संबंध नाही!) सुरुवातीला हसन त्यांच्याशी वाद घालायचा. घरच्या श्रद्धेवर त्याचा पूर्ण विश्वास होता. पण वाद जिंकला तरी मनात काहीतरी टोचत राहायचं. मग तो जबरदस्त आजारी पडला. आपण सत्य न समजताच मरणार की काय, या भीतीने त्याला घेरलं. बरा झाला तो निर्णय घेऊनच. 1072 मध्ये इराणमधला प्रमुख दाई इब्न अत्ताश रेमध्ये आला आणि त्याने या हुशार पोराला हेरलं. चार वर्षांनी हसन घराबाहेर पडला. जायचं होतं कैरोला.

कैरो का? कारण इजिप्तवर तेव्हा फातिमी घराण्याचं राज्य होतं आणि तिथला खलिफा हाच इस्माइलींचा इमाम होता. हसन 1078 मध्ये तिथे पोहोचला. मात्र ज्या राजधानीचं स्वप्न पाहत तो आला होता, तिथे खरी सत्ता इमामाच्या हातात नव्हतीच. ती होती बद्र अल-जमाली या सेनापती-वजिराच्या हातात. त्याचं आणि हसनचं जमलं नाही. सुमारे तीन वर्षांनी, 1081 मध्ये हसन इराणमध्ये परतला. मोठ्या सत्तेच्या भरवशावर आपलं काम होणार नाही, हे कैरोने त्याला शिकवलं असावं. यापुढे त्याने जे काही उभं केलं ते इराणी माणसांच्या बळावर आणि इराणी भाषेत. धर्मग्रंथ अरबीतच लिहायचे असा काळ होता तो. हसनने लिखाणासाठी फारसी निवडली.

तलवार न उपसता घेतलेला गड

त्या वेळी इराणवर सेल्जूक तुर्कांचं राज्य होतं. सुलतान मलिकशाह आणि त्याचा वजीर निझाम-उल-मुल्क. साम्राज्य अवाढव्य, फौज तगडी, आणि राज्यकर्ते कट्टर सुन्नी. परक्या तुर्की सरदारांबद्दल सामान्य इराणी माणसात राग होताच. हसन नऊ वर्षं गावोगाव हिंडला. निझाम-उल-मुल्कने त्याला पकडायचे हुकूम काढले, तरी तो सापडला नाही. हिंडता हिंडता त्याची नजर एका जागेवर स्थिरावली.

कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेला अल्बुर्झ पर्वताच्या रांगा आहेत. त्यांच्यातल्या एका दरीच्या डोक्यावर, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच, एका सुट्या कातळावर अलामूतचा किल्ला. वर जायला एक अरुंद, खडी वाट. खाली पिकाऊ खोरं. सह्याद्रीत गड चढणाऱ्यांना हा हिशोब लगेच कळेल. पाणी असेल, धान्य असेल, तर वरच्या मूठभर माणसांना खालच्या हजारोंची भीती नाही.

हसनने किल्ल्यावर हल्ला केला नाही. आधी त्याचे दाई खोऱ्यातल्या गावांत गेले, मग किल्ल्यातल्या शिबंदीत शिरले. एकेक माणूस फितवला गेला, की पटवला गेला? कोण सांगतंय त्यावर ते ठरतं. 1090 च्या सप्टेंबरमध्ये हसन स्वतः खोटं नाव घेऊन गुपचूप वर पोहोचला आणि काही दिवस साधा माणूस म्हणून राहिला. महदी नावाच्या किल्लेदाराला खरा प्रकार कळेपर्यंत त्याच्या स्वतःच्याच शिपायांनी बाजू बदललेली होती. हसनने त्याला सुखरूप जाऊ दिलं. वर किल्ल्याची किंमत म्हणून 3000 सोन्याच्या दिनारांची हुंडी लिहून दिली, ती दुसऱ्या गावच्या एका अधिकाऱ्याच्या नावावर. महदीला वाटलं, हा बडा सरकारी अधिकारी या माणसाचं कशाला ऐकेल? पण तो अधिकारी आतून इस्माइली होता. हुंडी बिनबोभाट वटली, असं इतिहासकार सांगतात.

त्या दिवसापासून मरेपर्यंत, सलग 34 वर्षं, हसन तो कातळ उतरला नाही. घराबाहेरही तो फक्त दोनदा पडला, आणि दोन्ही वेळा गच्चीवर गेला, असं सांगतात. उरलेला वेळ वाचन, लिखाण, प्रार्थना आणि राज्याचा कारभार. त्याने तटबंदी पक्की केली, कालवे काढून खोऱ्यात शेती वाढवली, कातळात कोठारं खोदली आणि एक ग्रंथालय उभं केलं. ते पुढे इतकं वाढलं की दूरदूरचे विद्वान तिथे येऊ लागले. नसीरुद्दीन तूसी हा तेराव्या शतकातला फार मोठा गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ. त्याने कित्येक वर्षं इस्माइलींच्या किल्ल्यांत राहूनच काम केलं.

एक खंजीर, एक माणूस

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येऊ. सेल्जूकांची फौज अफाट. हसनकडे डोंगरातले काही किल्ले आणि थोडी माणसं. 1092 मध्ये अलामूतला वेढा पडला तेव्हा वर जेमतेम 70 माणसं होती म्हणतात. खोऱ्यातून रातोरात मदत आली म्हणून गड वाचला. उघड्या मैदानात लढाई जिंकणं हसनला शक्यच नव्हतं. पण सेल्जूक साम्राज्याचा एक कच्चा दुवा त्याने ओळखला होता. तिथे सगळं काही व्यक्तींवर चालायचं. सुलतान, वजीर, सरदार. सरदार मेला की त्याची फौज पांगायची. मग अख्ख्या फौजेशी लढायचंच कशाला?

14 ऑक्टोबर 1092. बगदादकडे निघालेल्या निझाम-उल-मुल्कची पालखी नहावंदजवळ थांबली होती. सूफी फकिराच्या वेशातला एक माणूस अर्ज द्यायच्या निमित्ताने जवळ गेला आणि त्याने खंजीर खुपसला. साम्राज्याचा कारभार तीस वर्षं चालवणारा वजीर संपला. या खुनामागे दरबारातलेच लोक, अगदी सुलतानही असावा, असा संशय तेव्हाही होता. पण श्रेय किंवा दोष गेला तो अलामूतकडे. महिनाभराने मलिकशाहही वारला, आणि त्याचे वारस गादीसाठी एकमेकांशी झुंजत बसले. हसनला हवा होता तो श्वास मिळाला.

पुढच्या काळात हे त्याचं धोरणच झालं. मारणाऱ्याला म्हणत फिदाई, स्वतःला ओवाळून टाकणारा. आपण एखाद्या हिरोवर ‘फिदा’ होतो ना, तो शब्द याच मुळातला. फिदाई विष वापरत नसे, लांबून बाणही मारत नसे. खंजीर घेऊन जवळ जायचं, शक्यतो शुक्रवारच्या गर्दीत, भर मशिदीत, सगळ्यांदेखत. त्यामुळे परत येण्याची शक्यता जवळजवळ शून्य. बातमी पसरायला हवी असेल तर साक्षीदार हवेत, इतका तो थंड हिशोब होता. हसनच्या हयातीत असे सुमारे 50 खून झाले, अशी नोंद मिळते. बळींमध्ये वजीर होते, सरदार होते, आणि विरोधात बोलणारे काझीही होते.

एक किस्सा प्रसिद्ध आहे. सुलतान संजर इस्माइलींशी तह करायला तयार नव्हता. एका सकाळी तो उठला तर उशाजवळच्या जमिनीत खंजीर रोवलेला. काही दिवसांनी अलामूतहून निरोप आला. सुलतानाचं वाईट व्हावं असं वाटत असतं, तर कडक जमिनीत घुसलेलं ते पातं मऊ छातीतही घुसू शकलं असतं, असा त्याचा अर्थ. त्यानंतर संजरने बरीच वर्षं या किल्ल्यांना त्रास दिला नाही.

पण या धोरणाची किंमत गडावरच्यांपेक्षा शहरात राहणाऱ्यांनी जास्त मोजली. एका खुनानंतर सरदाराचे लोक इस्माइली समजून दिसेल त्याला मारायचे. इस्फहानमध्ये संशयितांना जिवंत जाळलं गेलं. अलेप्पोमध्ये कत्तल झाली. शेजाऱ्याशी जुनं भांडण असेल तर तो इस्माइली आहे एवढं सांगणं पुरे व्हायचं. गेममध्ये मिशन संपलं की स्क्रीन बदलतो. इथे मिशननंतर गल्लीतल्या माणसांचं काय झालं, हे कुठल्याच गडावरून दिसत नव्हतं.

दोन मुलगे

1094 मध्ये कैरोचा खलिफा वारला. गादी थोरल्या निझारला मिळायला हवी होती. पण वजीर अल-अफदल, म्हणजे बद्र अल-जमालीचाच मुलगा, त्याने धाकट्याला बसवलं. निझारने बंड केलं, तो पकडला गेला आणि तुरुंगात मारला गेला. हसनने निझारची बाजू घेतली आणि कैरोशी संबंध तोडला. इथून ‘निझारी इस्माइली’ ही वेगळी शाखा सुरू झाली. विशेष म्हणजे हसनने स्वतःला इमाम म्हणवून घेतलं नाही. इमाम गुप्त आहे, तो येईपर्यंत मी त्याचा प्रतिनिधी, एवढाच त्याचा दावा. इमामाची शिकवण निमूटपणे स्वीकारायची, कारण नुसती बुद्धी माणसाला सत्यापर्यंत नेत नाही, हा त्याच्या विचाराचा गाभा होता. गंमत बघा, हे त्याने बुद्धीनेच, एकावर एक तर्क रचत मांडलं. ते इतकं बिनतोड वाटलं असणार, की अल-गझालीसारख्या त्या काळच्या सगळ्यात मोठ्या सुन्नी विद्वानाला त्याच्या खंडनासाठी ग्रंथ लिहावे लागले.

गडावरची शिस्त सगळ्यांना सारखी होती. बासरी वाजवली म्हणून एकाला गडावरून हाकलून दिलं, तो परत आला नाही. टंचाईच्या दिवसांत हसनने बायको आणि मुलींना दुसऱ्या किल्ल्यावर पाठवलं. तिथे त्या सूत कातून पोट भरत होत्या. त्यांना त्याने पुन्हा बोलावलं नाही. एका मुलावर दारू प्यायल्याचा आरोप आला, हसनने त्याला मृत्युदंड दिला. दुसऱ्यावर एका दाईच्या खुनात सामील असल्याचा आरोप आला, त्यालाही दिला. तो आरोप खोटा होता, हे नंतर उघड झालं. तोवर उशीर झाला होता.

ही गोष्ट त्याचे भक्त कौतुकाने सांगत. गादी घरात राहावी म्हणून तो हे सगळं करत नव्हता, याचा पुरावा म्हणून. आज वाचताना मात्र वेगळंच जाणवतं. जो माणूस स्वतःच्या मुलाच्या बाबतीत चौकशी पूर्ण व्हायची वाट बघत नाही, त्याच्या यादीतल्या इतरांची चौकशी किती झाली असेल?

1118 मध्ये सेल्जूकांनी अलामूत जवळपास घेतलाच होता. आधी वर्षानुवर्षं खोऱ्यातली पिकं जाळून लोकांना उपाशी ठेवलं, मग वेढा आवळला. ऐन वेळी सुलतान वारल्याची बातमी आली आणि फौज परत फिरली. हसनचा शेवट मात्र अंथरुणातच झाला, 1124 मध्ये. जाण्याआधी त्याने बुझुर्ग-उमीद या आपल्या जुन्या किल्लेदाराला वारस नेमलं.

हशीश कुठून आली?

आता सगळ्यात गाजलेली गोष्ट. मार्को पोलो सांगतो : डोंगरातला म्हातारा तरुणांना गुंगीचं औषध द्यायचा. जाग आली की समोर बाग, मधाचे पाट, सुंदर तरुणी. पोरांना वाटायचं हाच स्वर्ग. मग पुन्हा गुंगी, पुन्हा बाहेर. स्वर्गात परत जायचं असेल तर जा आणि अमक्याला मारून ये.

गोष्ट भन्नाट आहे, पण तारखा जुळवून बघा. मार्को पोलोचा जन्म 1254 चा. मंगोलांनी अलामूत घेतला 1256 मध्ये, तेव्हा तो दोन वर्षांचा होता. इराणमधून तो गेला तो गड पडल्यावर साधारण सतरा वर्षांनी. ‘हशीशी’ हा शब्द बाराव्या शतकात इस्माइलींचे विरोधक वापरत, पण हलकट, वाह्यात अशा अर्थाची शिवी म्हणून. इस्माइलींवर यच्चयावत आरोप करणाऱ्या त्या काळच्या मुस्लिम इतिहासकारांनीही फिदाईंना नशा दिली जायची असं लिहिलेलं नाही. क्रूसेडच्या निमित्ताने सीरियात आलेल्या युरोपियनांनी ती शिवी ऐकली आणि तिच्याभोवती गोष्ट रचली. फरहाद दफ्तरी या इतिहासकाराने 1994 मध्ये या दंतकथांवर अख्खं पुस्तक लिहून त्यांचा एकेक धागा सोडवला. हसन, उमर खय्याम आणि निझाम-उल-मुल्क शाळेत एकाच बाकावर होते, हीसुद्धा अशीच दंतकथा. निझाम-उल-मुल्क खय्यामपेक्षा तीस वर्षांनी मोठा होता.

मग ही गोष्ट टिकली का? कारण ती सोयीची आहे. नशेत होते म्हटलं की प्रश्न मिटतो. शुद्धीत असलेला, शिकलेला, आईबाप असलेला माणूस समजून उमजून खंजीर घेऊन निघतो, मारतो आणि मरतो, हे मान्य करणं जास्त अवघड आहे. हसनने त्यांना बाग दाखवली नाही. त्याने त्यांना एक कारण दिलं, शत्रू दाखवला, आणि तुझ्या वतीने विचार करणारा कुणीतरी आहे असा भरवसा दिला. याला कुठल्याच गुंगीची गरज लागत नाही. तेव्हाही लागली नाही, आजही लागत नाही.

मुंबईपर्यंत आलेला धागा

1256 मध्ये हुलागू खानाच्या मंगोल फौजेपुढे अलामूत शरण आला. हुलागूबरोबर जुवैनी नावाचा इतिहासकार होता. त्याला अलामूतचं ग्रंथालय तपासायची परवानगी मिळाली. त्याने कुराणाच्या प्रती आणि खगोलाची उपकरणं बाजूला काढली, हसनचं चरित्र वाचून त्यातला मजकूर उतरवून घेतला आणि बाकीचं जाळलं. म्हणजे आपण वर वाचलेलं बरंचसं हसनच्या कट्टर विरोधकांच्या लेखणीतून, गाळून आलेलं आहे. कौतुक आणि निंदा दोन्ही वाचताना हे लक्षात ठेवायला हवं.

किल्ला गेला, पंथ राहिला. निझारी शेकडो वर्षं लपून, वेश बदलून जगले. एकोणिसाव्या शतकात त्यांचे इमाम, पहिले आगाखान, इराण सोडून भारतात आले आणि मुंबईत स्थिरावले. 1866 मध्ये खोजा समाजाच्या नेतृत्वाचा खटला मुंबई हायकोर्टात चालला, तेव्हा वकिलांनी थेट अलामूतपर्यंतचा इतिहास न्यायमूर्तींसमोर मांडला होता. माझगावातला हसनाबाद हा देखणा मकबरा याच पहिल्या आगाखानांचा. पुण्याचा आगाखान पॅलेस 1892 मध्ये त्यांच्या नातवाने बांधला. आणि 1946 मध्ये मुंबईतच इस्माइली सोसायटी स्थापन झाली. व्लादिमीर इवानोव या रशियन अभ्यासकाने तिथून इस्माइलींची जपून ठेवलेली हस्तलिखितं छापायला सुरुवात केली. आठशे वर्षांत पहिल्यांदाच दुसरी बाजू वाचायला मिळू लागली. त्या समाजाची आजची ओळख शाळा आणि हॉस्पिटलांची आहे, खंजिराची नाही.

हसनला हिरो करायचं की व्हिलन, याचं उत्तर सोपं नाही, आणि ते घाईने द्यायची गरजही नाही. मूठभर माणसं घेऊन एका साम्राज्यासमोर उभा राहिलेला, पुस्तकं जमवणारा, स्वतःला कसलीही सवलत न देणारा माणूस होता तो. आणि ज्यांना त्याने खाली पाठवलं, त्यातले फार थोडे परत आले. गडावरून त्यांना जाताना बघणारा, स्वतः मात्र 34 वर्षं एकदाही खाली न उतरलेला माणूसही तोच होता.